कोंबडीचा पंचनामा कोण करणार?

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की शेतीच्या पानांवर एक ठरलेला लेख येतो. थंडीत कोंबड्यांची काळजी कशी घ्यावी? शेडला पडदे लावा, पिलामागे इतक्या वॅटचा बल्ब लावा, लिटरचा थर वाढवा, थर्मामीटर टांगा, पाण्यातून जीवनसत्त्वं द्या. सल्ला चुकीचा नाही, ओळ न् ओळ शास्त्राला धरून असते. माझा प्रश्न एवढाच आहे की हा लेख कोणासाठी लिहिलेला असतो? जिच्याकडे सात कोंबड्या, एक कोंबडा आणि राहायला एकच खोली आहे, तिच्याकडे शेड नाही, त्यामुळे पडदाही नाही. तिच्या कोंबड्या रात्री चुलीजवळ डालग्याखाली झाकलेल्या असतात आणि त्याच खोलीत तिची मुलं झोपलेली असतात. या लेखात ती कुठेच नाही. योजनेच्या फाइलीत ती 'लाभार्थी' म्हणून असते, तेही सही किंवा अंगठा देण्यापुरती.

ही बाई म्हणजे किरकोळ अपवाद असं कोणाला वाटत असेल तर आकडे बघा. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून जास्त कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यातले जवळजवळ 31 कोटी 70 लाख परसातले, म्हणजे अंगणातले. आधीच्या गणनेपेक्षा परसातले पक्षी 45 टक्क्यांहून जास्त वाढले. व्यापारी फार्मवरच्या पक्ष्यांची वाढ पाच टक्क्यांनाही पोचली नाही. म्हणजे या धंद्यात खरी बरकत आली ती अंगणात, आणि सल्ला, कर्ज, लस, भरपाई हे सगळं अजून फार्मच्या मापाने कापलं जातं. कापड एकाचं आणि माप दुसऱ्याचं.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात राहतो आणि शिकवतो. इकडे दिवसा ऊन असतं, म्हणून थंडीची कोणी दखल घेत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत डोंगरावरून रात्रीचा वारा उतरतो आणि पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो. आमच्या गावांत तडवी आहेत, भिल्ल आहेत, मुसलमान आहेत, केळीच्या मळ्यात राबणारे मजूर आहेत. यांच्या घरांत कोंबडी बाईची असते. गाय, म्हैस, बैल, जमीन पुरुषाच्या नावावर. कोंबडी कोणाच्याच नावावर नसते, पण सगळं गाव जाणतं की ती कोणाची. वर्गातल्या मुलीची वही संपली की दुसऱ्या दिवशी नवी येते, ती बहुधा अंड्यांच्या पैशातून. दवाखान्याचं भाडं, रमजानच्या खजुराचा पुडा, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, हे सगळं त्याच डालग्यातून निघतं. घर की मुर्गी दाल बराबर, असं आपण म्हणतो. ही म्हण ज्याने बनवली त्याने घरखर्चाचा हिशोब कधी केला नसावा.

आता थंडीत नेमकं काय होतं ते बघू, कारण 'थंडीने मेल्या' या दोन शब्दांत फार काही झाकलं जातं.

मोठी देशी कोंबडी आमच्याकडच्या थंडीने सहसा मरत नाही. तिच्या अंगाचं तापमानच एक्केचाळीस अंशांच्या आसपास असतं. ती पिसं फुलवते, एक पाय पोटाशी घेते, चोच पंखात खुपसते आणि रात्र काढते. तिला मारते ती ओल, फटीतून सरळ अंगावर येणारा वारा आणि अर्धं पोट. थंडीत उब टिकवायला जास्त दाणा लागतो, आणि नेमका तेव्हाच दिवस लहान झाल्याने उकिरड्यावर चरायचा वेळ कमी होतो. ज्या घरात माणसांची ज्वारी मोजून दळली जाते, तिथे कोंबडीला वरची ओंजळ कुठून मिळणार?

शिवाय अंडी बंद पडतात. कोंबडीला अंड्यावर राहायला दिवसाचा चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. फार्मवाला संध्याकाळी दिवे लावून उरलेले तास भरून काढतो. अंगणातल्या कोंबडीला सूर्य मावळला की दिवस संपला. म्हणून हिवाळ्यात बाजारात अंड्याचा भाव चढतो तेव्हा आमच्या बायांच्या टोपल्या रिकाम्या असतात. भाव मिळायच्या हंगामात माल नाही आणि माल असतो त्या हंगामात भाव नाही. हा आळस नाही आणि नशीबही नाही. हा उजेडाचा हिशोब आहे.

पण सगळ्यात जास्त मरतात ती पिलं, आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते.

सरकारी योजनेत दोन प्रकारांनी पक्षी मिळतात. एक म्हणजे तलंगांचा गट, पंचवीस माद्या आणि तीन नर, आठ-दहा आठवड्यांचे, पिसं आलेले. दुसरा म्हणजे शंभर एकदिवसीय पिलं, अर्ध्या अनुदानावर. एक दिवसाचं पिलू म्हणजे काय असतं? यंत्रातून निघालेला मऊ कापसाचा गोळा. त्याला आई नाही. पहिल्या आठवड्यात त्याला पस्तीस अंशांची उब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. पहाटेचा पारा आठ-दहा अंशांवर असताना ही पंचवीस अंशांची तफावत बाईने कुठून आणायची?

शास्त्र सांगतं, पिलामागे दोन वॅट. शंभर पिलांना दोनशे वॅट. रात्रीचे बारा तास आणि चार आठवडे धरले तर सदुसष्ट युनिट होतात. घरगुती बिलाचा पहिला टप्पा शंभर युनिटांचा असतो. तो ओलांडला की पुढच्या युनिटचा दर एकदम चढतो. बरं, बिलही भरलं. बल्ब कुठला लावायचा? 2015 पासून गावोगाव एलईडी आले. वीज वाचली, चांगलंच झालं. पण एलईडीचा बल्ब उजेड देतो, उब देत नाही. जुना पिवळा बल्ब आमच्या बाजारातल्या तीन दुकानांत विचारला तर तिघांनी माळ्याकडे बोट दाखवलं. योजनेच्या कागदावर मात्र अजून 'बल्ब लावावा' एवढंच छापलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात जुना बल्ब आहे आणि वाचणारीच्या घरात नवा.

त्यात रात्री वीज गेली तर? पिलं उबेसाठी एकमेकांवर चढतात, कोपऱ्यात ढीग होतो आणि खालची गुदमरतात. सकाळी बाई खोकं उघडते तेव्हा वरची जिवंत असतात आणि खालची चपटी झालेली. ती घाबरून दुसऱ्या रात्री निखाऱ्यांची शेगडी ठेवते आणि सगळ्या फटी पोत्यांनी बुजवते. मग धूर कोंडतो, लघवी-विष्ठेचा उग्र वास कोंडतो, पिलांची नाकं वाहू लागतात. कोंडलेल्या खोलीतली शेगडी माणसालाही मारते, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. वारा खालून अडवायचा आणि हवा वरून मोकळी ठेवायची, एवढी साधी गोष्ट. पण ती सांगायला घरापर्यंत यावं लागतं.

एका वर्षी आमच्या भागात एका कचेरीने ही एकदिवसीय पिलं वाटली ती ऐन जानेवारीत. कचेरीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण हा एका कचेरीचा दोष नाही. निधी उशिरा येतो, मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो, म्हणून वाटप कडाक्याच्या थंडीत होतं. खोकी टेंपोतून उतरली, फोटो निघाले, सह्या झाल्या. पंधरा दिवसांनी मी वर्गातल्या मुलींना विचारलं तेव्हा एकीच्या घरी अकरा उरली होती, एकीच्या घरी चार, आणि एकीने मान खाली घातली. कागदावर मात्र सगळ्यांच्या घरी शंभरच. कारण कागदावर वाटप मोजतात, जगलेली पिलं मोजत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच बायांनी अर्ज केला नाही तेव्हा साहेब म्हणाले, "या लोकांना उत्साहच नाही." उत्साह खोक्यातच गुदमरून मेला होता, साहेब.

आमच्या बायांना काही येत नाही, असंही कोणी समजू नये. पऱ्हाट्यांचा कूड करून वाऱ्याच्या बाजूला लावणं, जमिनीवर तूस आणि भुईमुगाची टरफलं पसरून ओली झाली की बदलणं, संध्याकाळी शेवटची मूठ ज्वारी द्यायची म्हणजे रात्रभर पोटात उब राहते, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. एक खाला बाजारातून पंधरा पिलं आणते आणि रात्री अंधारात खुडूक कोंबडीच्या पंखाखाली एकेक सरकवते. सकाळी कोंबडी त्यांना आपलीच समजते. बल्ब नाही, बिल नाही, शेगडी नाही. पस्तीस अंश फुकट. पण योजनेतल्या सुधारित जातींतून हा खुडूकपणाच बहुतांशी काढून टाकलेला आहे, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. अंडी वाढली हे खरं. पण आई गेली. घरात पिढी तयार व्हायची ती थांबली आणि दरवर्षी पिलांसाठी पुन्हा कचेरीच्या दारात जाणं आलं. माझं म्हणणं सुधारित जाती नकोत असं नाही. शंभर पिलांच्या खोक्यासोबत दोन खुडूक देशी कोंबड्या घरात असाव्यात एवढा विचार योजना करणाऱ्याला सुचायला हवा होता. तो सुचला नाही, कारण खालाला कोणी विचारलं नाही.

थंडीच्या तोंडावर दुसरं संकट येतं ते मानमोडीचं. पुस्तकात हिला राणीखेत म्हणतात. कोंबडी हिरवट हगते, मान पिळवटते, आणि आठवड्याभरात गल्लीतली खुराडी रिकामी होतात. हिच्यावर लस आहे, जुनी आहे, स्वस्त आहे. मग मिळत का नाही? कारण कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते, दोन ते आठ अंशांत जपावी लागते आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच हजार पक्ष्यांच्या फार्मवर कुपी फोडायला कोणाचा हात अडखळत नाही. नऊ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? बाई दवाखान्यात जाते, तिला सांगितलं जातं, शंभर पक्षी गोळा कर मग बघू. कोंबड्या गोळा करणं म्हणजे रेशनकार्डं गोळा करणं नव्हे. ते काम दवाखान्याचं आहे. दिवाळीआधी प्रत्येक गावाला एक सकाळ ठरवून द्या, आदल्या दिवशी दवंडी द्या, मशिदीच्या आणि मंदिराच्या भोंग्यावरून सांगा, कोंबड्या डालग्याखाली असतानाच गल्लीगल्लीने फिरा. एका सकाळीत गाव होतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेली उष्णता सोसणारी आय-2 नावाची लस मोझांबिक आणि टांझानियाच्या खेड्यांत गावचीच माणसं कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकून देतात. आफ्रिकेतल्या खेड्याला जमतं ते आपल्याला जमत नाही, हे मी मानायला तयार नाही. आपल्याला ते करावंसं वाटत नाही.

आता केळीकडे या, कारण अन्याय सगळ्यात स्वच्छ इथे दिसतो.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी थंडीचा निकष आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंश किंवा त्याखाली गेलं की भरपाई लागू होते. मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा नोंदला जातो, शेतकऱ्याला बागेत जाऊन दाखवावंही लागत नाही. केळीवाला त्यासाठी हप्ता भरतो, हक्काने घेतो, आणि त्याने घ्यावंच. पारा घसरला तर केळीचं खरंच नुकसान होतं. पण त्याच मंडळात, त्याच तीन रात्री, त्याच आठ अंशांत बागेच्या बांधाला लागून असलेल्या झोपडीत शंभर पिलं मेली तर? यंत्र तेच, नोंद तीच. केळीच्या घडाला थंडी वाजली हे सरकारला कळतं. पिलाला वाजली हे कळत नाही. माझ्या ओळखीच्या एकाही घरात कोंबड्यांचा विमा नाही, आणि असा विमा असू शकतो हे कोणी त्यांना सांगितल्याचंही मला ठाऊक नाही.

"मास्तर, कोंबडीला कुठे भरपाई असते?" असं मला हसून विचारणारे बरेच आहेत. असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या नियमांत थंडीची लाट ही नैसर्गिक आपत्ती म्हणून नोंदलेली आहे. नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या कोंबडीला 2022 नंतरच्या निकषांनुसार पक्ष्यामागे शंभर रुपये, एका कुटुंबाला दहा हजारांच्या मर्यादेत, मदत देता येते. कागद आहे, रक्कम आहे, यादीत थंडीही आहे. नाही तो फक्त पंचनामा. गाय वीज पडून मेली तर तलाठी येतो, डॉक्टर येतो, पंच सह्या करतात. कोंबड्यांचा पंचनामा करा म्हणून बाई चावडीवर गेली तर चावडी हसते. त्या हसण्यातच तिचे हजार-दोन हजार रुपये बुडतात.

पुन्हा, थंडीची लाट कशाला म्हणायचं याचंही माप आहे. मैदानी भागात किमान तापमान दहा अंशांवर किंवा खाली यायला हवं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरायला हवं, तेव्हा हवामान खातं लाट म्हणतं. म्हणजे पारा नऊवर आहे पण नेहमीही बारावर असतो, तर लाट नाही. पिलाला सरासरी कळत नाही. त्याला पस्तीस हवे असतात आणि नऊ मिळतात. म्हणून माझी मागणी लाटेच्या व्याख्येवर अडून बसायची नाही. केळीला जो आठ अंशांचा सरळ निकष लावला, तसाच सरळ निकष वाटप केलेल्या पिलांना लावा, एवढीच आहे.

सरकार कोंबडी मोजतच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. ते मोजतं, मारायची असते तेव्हा. हिवाळा हा बर्ड फ्लूचाही हंगाम. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला उद्रेक नंदुरबारच्या नवापूरला झाला, आणि मार्चमध्ये तो आमच्या जळगाव जिल्ह्यात आला, सावदा आणि मारूळसारख्या गावांत. तो अंगणातल्या कोंबड्यांमध्ये सापडला होता. पथकं घराघरात शिरली, खुराड्यांत हात घातले गेले, एकही पक्षी सुटला नाही. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पक्षी मेले तेव्हाही एका किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचं ठरलं. ते मारणं चूक होतं असं मी म्हणत नाही. हा रोग माणसाला लागला तर जीव घेतो, तिथे दयामाया दाखवून चालत नाही. पण हिशोब बघा. 2021 च्या दरांनुसार आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या पक्ष्याला नव्वद रुपये आणि लहान पिलाला वीस रुपये. बाजारात देशी कोंबडी तेव्हाही तीन-चारशेच्या खाली मिळत नव्हती. नव्वद रुपये हा फार्मच्या पक्ष्याचा हिशोब, तो अंगणातल्या कोंबडीवर तसाच चिकटवला. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. मारायला जे पथक एका दिवसात प्रत्येक घरी पोचू शकतं, तेच पथक लस द्यायला पोचू शकत नाही, हे कारण आता कोणी सांगू नये. रस्ता तोच आहे.

"मेलेल्या कोंबड्या खातातच की हे लोक, नुकसान कसलं?" असंही मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. 'हे लोक' कोण, ते विचारायची गरज पडली नाही. त्यांच्या माहितीसाठी सांगतो. हलाल न करता आपसूक मेलेला पक्षी आमच्यात मुर्दार असतो. तो खात नाहीत आणि विकतही नाहीत. खड्डा करून पुरतात. म्हणजे थंडीत मेलेली कोंबडी मुसलमान घरात शंभर टक्के नुकसान असते, त्यातून रुपयाही सुटत नाही. मुसलमान म्हटलं की ज्यांना फक्त सुरी आणि दुकान दिसतं, त्यांना ही पाळणारी बाई कधी दिसलेलीच नाही. कोंबडी कापणाऱ्याच्या चर्चा टीव्हीवर होतात. तिला रात्री उठून पोतं पांघरणारीची चर्चा कुठेच नाही.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत.

पिलं मेली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. पुरुष म्हणतो, "तुझ्याच बेफिकिरीने मेली." आणि म्हातारी म्हणते, "अल्लाह की मर्जी." दोन्ही वाक्यांनी विषय मिटतो आणि कोणालाच काही करावं लागत नाही. तवक्कुल म्हणजे हात झटकणं नव्हे. आधी उंट बांधायचा आणि मग अल्लाहवर सोपवायचं, ही शिकवण आपल्या मदरशातल्या लहान पोरालाही पाठ असते. मग खुराड्याची फट बुजवायच्या वेळी ती का आठवत नाही? मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण वाझमध्ये ऐकतो आणि मान हलवतो. कोंबडा आरवला की अल्लाहचा फजल मागावा, असंही सांगितलेलं आहे. फजल मागायचा आणि आरवणाऱ्याला उघड्यावर ठेवायचं, हे कसं?

दुसरी गोष्ट पैशाची. औरतीची कमाई तिची असते, तिच्यावर नवऱ्याचाही हक्क नसतो, हे इस्लामने दिलं म्हणून आपण भाषणांत छाती पुढे काढतो. घरी काय होतं? सहा महिने बाईने वाढवलेला कोंबडा पाहुणा आला की न विचारता कापला जातो, आणि ईदच्या आधी विकला तर पैसे पुरुषाच्या खिशात जातात. पण खुराड्याला पत्रा आणायचा म्हटलं तर "तुझ्या कोंबड्यांचं तू बघ." नफा घराचा आणि खर्च तिचा. हा इन्साफ नाही. पाचशे रुपयांचा पत्रा, चार बांबू आणि एका जुम्म्याची दुपार, एवढ्यात खुराडं उभं राहतं. ज्या मोहल्ल्यात मशिदीच्या रंगासाठी एका संध्याकाळीत वर्गणी जमते, तिथे दहा बेवांच्या घरी दहा खुराडी उभी राहू शकत नाहीत का? यालाही सदका म्हणतात.

शाळेतल्या अंड्याचंही इथेच सांगून टाकतो. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. अंड्यामागे धरलेले पाच रुपये हिवाळी बाजारात पुरत नव्हते, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधीच थांबवला गेला. हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगितलं. मजूर आईबापांकडून अंड्याची वर्गणी! ज्या गावांत अंडं अंगणात पिकू शकतं, तिथे ते गावच्याच बायांकडून वर्षभर ठरलेल्या भावाने घेतलं असतं तर पैसाही गावात राहिला असता आणि पोरांच्या पोटातही काही पडलं असतं. त्यासाठी त्या बायांच्या कोंबड्या हिवाळ्यातून जगून निघायला हव्यात. सगळं फिरून तिथेच येतं.

मला सांगितलं जाईल की सरकारने प्रत्येक खुराड्यात थोडंच यायचं? नाही यायचं. मी मागतो ते खुराड्यात शिरणं नाही. माझ्या मागण्या पाच आहेत आणि एकीलाही नवीन खातं लागत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदिवसीय पिलांचं वाटप बंद ठेवा. या चार महिन्यांत द्यायचंच असेल तर तलंगांचा गट द्या, त्यांना पिसं आलेली असतात.

वाटपाचा हिशोब खोक्यांवर करू नका. दोन महिन्यांनी किती पक्षी जिवंत आहेत, तो आकडा अहवालात लिहा. नुसता तो रकाना आला तरी जानेवारीचं वाटप आपोआप थांबेल.

दिवाळीआधी मानमोडीच्या लसीची एक सकाळ प्रत्येक गावाला द्या. थेंब टाकायला गावातल्याच दोन मुलींना शिकवा आणि त्यांना मेहनताना द्या.

पारा आठ अंशांखाली गेला की केळीसारखीच कोंबड्यांच्या नुकसानीची नोंद घ्या. अर्ज मराठीत, एका पानाचा, अंगणवाडीत मिळणारा असू द्या. आमच्या मुलींना तो भरता येतो, ती जबाबदारी आम्हा मास्तर लोकांची.

आणि सल्ल्याचं पत्रक छापायच्या आधी ते एखाद्या खालाला वाचून दाखवा. ती हसली तर छापू नका.

यातलं काही आपोआप होणार नाही. म्हणून या हिवाळ्यात ज्याच्या घरी, ज्याच्या गल्लीत पक्षी मरतील त्याने आकडा लिहून ठेवावा. तारीख, रात्रीचा पारा, किती होत्या, किती उरल्या. मोबाइलवर एक फोटो. एका कागदावर दहा घरांच्या सह्या आणि अंगठे. तो कागद घेऊन चावडीवर जायचं आणि पोच मागायची. चावडी हसेल. हसू द्या. पोच मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.